मायक्रोवेव्ह : गरम झाले म्हणजे निर्धोक झाले काय?

हल्ली आपल्या वस्त्यांतून मायक्रोवेव्ह ओव्हन बऱ्याच घरी दिसू लागला आहे. कोणी तो हप्त्यावर घेतो, कोणाच्या घरी लग्नात भेट म्हणून येतो, तर एखाद्या भगिनीला ती जेथे घरकामास जाते तेथील बाई नवा घेतला म्हणून जुना देऊन टाकतात. आमच्या घरी तो हप्त्यावर आला. पत्नी इस्पितळात आया म्हणून पाळीची नोकरी करते, मी कारकून, घरी परतायला रात्रीचे साडेआठ होतात. जो तो आपापल्या वेळेला जेवणार, तेव्हा मुलांना गॅस पेटवावा लागू नये, हा त्यामागचा विचार. यंत्राबरोबर माहितीपुस्तक आले होते. ते आम्ही वाचले नाही. बहुतेक कोणीच वाचत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील गोष्ट. शनिवारी रात्री बहीण, मेहुणे व त्यांची मुले जेवायला होती. पातेलेभर भात लावला तो निम्मा उरला. फ्रिजमध्ये कलिंगड ठेवलेले, जागा नाही, म्हणून पातेले झाकून ओट्यावरच राहिले. रविवारी पत्नीची सकाळची ड्युटी होती. दुपारी एक वाजता मीच वाडगाभर भात काढला, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटे फिरवला, चांगली वाफ आली. वास नाही, चिकटपणा नाही. मुलाला वरण घालून वाढला. तो तेव्हा चौथीत होता. आईने व मी सकाळचीच भाकरी खाल्ली.

तीन वाजता त्याला पहिली उलटी झाली. पाच वाजेपर्यंत सहा-सात झाल्या. डोळे खोल गेले, ओठ सुकले. रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेले. त्यांनी काय खाल्ले ते विचारले. मी म्हणालो, "भात खाल्ला, पण चांगला गरम करून दिला होता, डॉक्टर." ते म्हणाले, "गरम कधी केला ते राहू द्या. शिजवला कधी ते सांगा."

शिजवला होता रात्री आठला. म्हणजे सतरा तास झाले होते आणि मे महिना होता. एक सलाइन लागले, रात्रभर ओआरएसचे पाणी चमच्याने पाजावे लागले. सकाळी पोरगा उठून बसला तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

आता गंमत बघा. चाळीत बातमी काय पसरली? मायक्रोवेव्हच्या किरणांनी पोराला बाधा झाली! आईने तर फर्मानच काढले, "ते पेटारं आधी भंगारात घाल." मलाही तेच खरे वाटू लागले होते, कारण त्यात माझी चूक झाकली जात होती. पत्नी घरी आल्यावर तिने एकच प्रश्न केला, "अहो, भात रात्रभर ओट्यावर होता ना? मग मशीनला काय बोलता?" त्यानंतर मी ते माहितीपुस्तक शोधून काढले, डॉक्टरांना दोन-तीनदा जाऊन विचारले, ग्रंथालयात बसून वाचले. जे कळले ते येथे मांडतो.

किरणांचे भय आणि भाताचे भय

मायक्रोवेव्ह म्हणजे रेडिओच्या लहरींच्याच कुळातील लहरी. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने हुडकण्यासाठी रडार होते, त्यात या लहरी निर्माण करणारी मॅग्नेट्रॉन नावाची नळी असे. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर हे गृहस्थ १९४५ साली अशा नळीजवळ काम करीत असताना त्यांच्या खिशातील चॉकलेट विरघळले आणि या लहरींनी अन्न तापते हे त्यांनी हेरले, अशी त्याची हकिकत सांगतात. या स्पेन्सर साहेबांचे शालेय शिक्षणसुद्धा पुरे झालेले नव्हते. सुरुवातीचे ओव्हन माणसाच्या उंचीचे, कपाटाएवढे असत. आज आपल्या ओट्यावर बसणाऱ्या डब्यातही तीच मॅग्नेट्रॉन नळी आहे. तिच्या लहरी सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तने करतात, त्याबरोबर अन्नातील पाण्याचे कण हलतात व अन्न तापते. बटण बंद झाले की लहरी बंद. दिवा मालवल्यावर खोलीत जसा उजेड शिल्लक राहत नाही, तसे अन्नातही काही शिल्लक राहत नाही. जीवनसत्त्वे गॅसवर जेवढी जातात त्याहून काही जास्त जात नाहीत. वेळ व पाणी कमी लागत असल्यामुळे काही वेळा कमीच जातात.

दारातून लहरी बाहेर येतील ही भीतीही रास्त मर्यादेतच ठेवावी. दाराच्या काचेत बारीक भोकांची धातूची जाळी असते, तिच्यातून त्या बाहेर पडत नाहीत आणि दार उघडताच यंत्र आपोआप थांबते. मात्र दार वाकले असेल, बिजागरी ढिली झाली असेल किंवा दार नीट बसत नसेल तर तो ओव्हन वापरू नये. जुना, फुकट मिळालेला ओव्हन घेताना हे पहिले बघा. आणि घरच्या घरी त्याची पाठ उघडून दुरुस्ती कधीही करू नका. प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये जिवावर बेतणारी वीज राहू शकते. मिक्सर खोलणाऱ्या पोराने हे पेटारे खोलू नये.

आता भाताचे. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाचे जंतू बीजरूपाने असू शकतात. हे बी इतके चिवट की भात शिजला तरी मरत नाही. भात कोमट होऊन तसाच पडून राहिला की त्या बीजातून जंतू उगवतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. १२१ अंशाला दीड तास तापवूनही ते टिकते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. आपले पाणी १०० अंशाला उकळते. म्हणजे मायक्रोवेव्ह असो, गॅस असो की आजीचा फोडणीचा भात असो, एकदा विष तयार झाले की कोणाचाच इलाज चालत नाही. वासावरून, रंगावरूनही ते कळत नाही. खाल्ल्यापासून अर्ध्या तासापासून ते सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात. आमच्या मुलाला दोन तासांत झाल्या, भातच खाल्ला होता, त्यावरून डॉक्टरांनी हेच कारण काढले.

सर्वच अन्नाचे असे नसते, हेही सांगितले पाहिजे. मोठ्या पातेल्यातील मटणाचा रस्सा किंवा डाळ हळूहळू निवत राहिली की तिच्यात दुसऱ्या एका जातीचे जंतू वाढतात. ते मात्र खळखळून उकळल्याने मरतात. म्हणजे पुन्हा तापवण्याचा उपयोग आहेच, पण तो सगळ्याला पुरत नाही. शिळ्या कढीला ऊत येतो हे खरे, पण ऊत आला म्हणून ती ताजी होत नाही.

अन्न टाकवत नाही, हे खरे दुखणे

कोणी म्हणेल, शिळे टाकून द्यावे, एवढा खल कशाला? बोलणे सोपे आहे. माझ्या आईने १९७२ चा दुष्काळ अंगावर काढला आहे. तिच्या हातून मूठभर भातसुद्धा कचऱ्यात पडत नाही, आणि आपण तिला त्याबद्दल बोलू शकत नाही. आपल्या बहुतेक घरांतील म्हाताऱ्या माणसांचे असेच आहे. पण मी बी.कॉम. झालेला माणूस, जमाखर्च मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या दिवशी वाचला असता तो पाव किलो तांदळाचा भात. खर्ची पडले ते डॉक्टर, सलाइन, औषधे, रिक्षाभाडे, पत्नीची एक रजा, माझी एक रजा. मुलाचे हाल कोणत्या रकान्यात लिहायचे?

म्हणून भात टाकण्यापेक्षा तो लवकर निववून जपून ठेवणे हा मार्ग आहे. साधारण ५ अंश ते ६० अंश या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. तेव्हा अन्न या पट्ट्यात कमीत कमी वेळ राहिले पाहिजे. भात उरणार असे दिसले की जेवण आटोपताच तो परातीत पातळ पसरावा, वरून स्वच्छ ओले फडके किंवा जाळी ठेवावी व पंख्याखाली निववावा. पातेल्यात ढीग असेल तर मधला भात कितीतरी वेळ कोमट राहतो. परातीत अर्ध्या-पाऊण तासात निवतो. मग उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये. शिजल्यापासून तासाभरात तो आत गेलेला बरा. परदेशातील पुस्तकांत दोन तासांची सवलत देतात, पण ती ३२ अंशांपेक्षा कमी हवेसाठी. आपल्याकडे मार्च ते जून आणि ऑक्टोबरात एक तासच धरावा. फ्रिजमधला भात दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा आणि एकदाच तापवावा. जेवढा खायचा तेवढाच बाहेर काढायचा. तापवून उरलेला पुन्हा आत ठेवून पुन्हा तापवणे, ही जी आपली रीत आहे ती सोडली पाहिजे. आणि फ्रिजमधून काढलेले कलिंगड ओट्यावर राहिले तर काही बिघडत नाही, कापलेले नसले तर! ही अक्कल मला तेव्हा असती तर बरे झाले असते.

ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी भात मोजून लावावा. रात्रीचा उरलाच तर रात्रीच संपवावा. नुसता मायक्रोवेव्ह आहे आणि फ्रिज नाही, असेही घर मी पाहिले आहे. त्या घराने आधी फ्रिज घ्यायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

तापवायचे कसे?

मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजताना आपण पाहिले असेल, एका जागी तो करपतो आणि बोटभर अंतरावर कच्चाच असतो. जे पापडात डोळ्यांना दिसते तेच वाडग्यातील भातात, रस्श्यातही होत असते, फक्त दिसत नाही. ओव्हनमध्ये लहरी सारख्या पसरत नाहीत, काही जागी जास्त पडतात, काही जागी कमी. शिवाय त्या अन्नात इंच-सव्वा इंचच आत शिरतात. त्यापुढचा भाग बाहेरच्या भागाच्या उष्णतेने हळूहळू तापतो. म्हणून वाडग्याच्या कडेला हात लावला तर चटका बसतो आणि मधला घास गारच लागतो. त्या गार घासात जंतू जिवंत राहतात. वाफ आली की झाले, हा आपला समज येथेच फसतो. वाफ कडेची असते.

तेव्हा अन्न उंच ढीग करून ठेवू नये, पसरट भांड्यात पातळ ठेवावे. भाताच्या गुठळ्या मोडून दोन चमचे पाणी शिंपडावे. मधोमध मेदूवड्यासारखे भोक ठेवले तर आणखी चांगले, कारण उशिरा तापणारा मधला भागच उरत नाही. वर झाकण ठेवावे, पण वाफ जायला फट असू द्यावी. अर्धा वेळ झाला की बाहेर काढून तळापासून ढवळावे, पुन्हा लावावे. बंद झाल्यावर लगेच वाढू नये, दोन मिनिटे झाकूनच ठेवावे. त्या दोन मिनिटांत उष्णता तापलेल्या भागाकडून गार भागाकडे जाते. तो वेळ शिजण्याचाच भाग आहे, वाया जात नाही. अन्नाच्या मध्यभागी ७४ अंश तापमान यायला हवे. अन्न मोजायचे थर्मामीटर बाजारात मिळते, परंतु ते नसेल तर मधला चमचाभर घास तोंडात घालवणार नाही इतका कडक आहे की नाही ते बघावे. तसा असेल तर निववून खा. कोमट असेल तर पुन्हा लावा.

भाकरी-चपाती मात्र ओल्या फडक्यात गुंडाळून वीस-तीस सेकंदच. जास्त झाली की चामडे होते. सुकट किंवा बोंबील तापवले तर दोन दिवस ओव्हनला वास राहतो. वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी टाकून ती वाटी तीन-चार मिनिटे तापवली आणि आतून पुसून काढले की वास जातो.

तान्ह्या मुलाची दुधाची बाटली या यंत्रात कधीच तापवू नये. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आतील दूध एखाद्या जागी उकळते असते. बाळाची जीभ, घसा भाजतो. बाटली गरम पाण्याच्या वाटीत ठेवणे हाच रस्ता. तसेच कवचासकट अंडे लावू नये आणि उकडलेले अखंड अंडेही पुन्हा तापवू नये, ते फुटते, कधी कधी तर बाहेर काढल्यावर तोंडासमोर फुटते. चहासाठी नुसते पाणी तापवताना तेही दिसायला शांत राहून उकळीच्या पलीकडे जाऊ शकते आणि साखर टाकताच उसळून अंगावर येते. त्यात आधीच एखादी लाकडी काडी उभी ठेवावी आणि बंद झाल्यावर अर्धा मिनिट थांबून मग हात घालावा. झाकण काढताना ते आपल्या तोंडाच्या विरुद्ध बाजूने उघडावे. आमच्या घरी मुलांना ही एक गोष्ट प्रात्यक्षिक करून शिकवली आहे, कारण आम्ही दोघेही नसताना तापवणारी तीच आहेत.

कच्चे मटण, चिकन मायक्रोवेव्हमध्ये शिजवण्याच्या फंदात नुसत्या तापवण्याच्या साध्या ओव्हनवाल्यांनी पडू नये. चिकन करायचेच तर तुकडे सारख्या आकाराचे, जाड बाजू बाहेरच्या कडेला ठेवून, झाकून, मध्ये उलटून शिजवावेत आणि हाडाजवळ गुलाबीपणा राहिला तर पुन्हा लावावेत. अर्धवट शिजवून नंतर बघू असे ठेवून तर मुळीच देऊ नये. बर्फ झालेले चिकन त्यात सैल केले तर ते तत्काळ शिजवावे, कारण कडा तोवर कोमट झालेल्या असतात. राजमा तर कुकरमध्येच करावा. अर्धकच्च्या राजम्याने जोराच्या उलट्या होतात. माझे मत विचाराल तर शिजवायला कुकर आणि तापवायला मायक्रोवेव्ह, अशी वाटणी सर्वांत उत्तम.

भांडी, प्लग आणि डबा

आमच्या कार्यालयात एक मायक्रोवेव्ह आहे. दुपारी सव्वा वाजता त्याच्यापुढे रेशनच्या दुकानासारखी रांग लागते. एकदा एका नव्या मुलाने स्टीलचा डबा तसाच आत ठेवला. ठिणग्या उडाल्या, सगळे धावले. स्टील, अॅल्युमिनियमचा कागद, सोनेरी काठाचे कप, स्टेपलची पिन लागलेली पिशवी, यातले काहीही आत जाता कामा नये. धातूवरून लहरी परततात, ठिणग्या पडतात आणि अन्न मात्र गारच राहते. वर्तमानपत्राचा कागदही नको, शाई अन्नाला लागते आणि पेटही घेऊ शकतो.

प्लॅस्टिकचे आपण फार चुकतो. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे डबे, हॉटेलातून येणारे पातळ डबे आपण धुऊन जपून ठेवतो. साठवायला ते चालतील, तापवायला नाही. ते वितळतात, वाकतात व त्यांतील घटक तेलकट अन्नात उतरू शकतात. ज्या डब्यावर मायक्रोवेव्हमध्ये चालतो असे छापले आहे तोच घ्यावा. त्यातसुद्धा तेल-तूप जास्त असलेले कालवण काचेतच तापवावे, असे मी म्हणेन. दुसरी चूक मेलामाइनच्या ताटल्यांची. दिसायला चिनी मातीसारख्या, पडल्या तर फुटत नाहीत, म्हणून घरोघरी असतात. त्या मायक्रोवेव्हसाठी नाहीत. जाड उष्णतारोधक काचेचे दोन वाडगे घेतले की घरचे काम भागते. तापलेला काचेचा वाडगा ओल्या ओट्यावर ठेवू नये, तडकतो.

विजेचा हिशेबही बघू. ओव्हनवर ८०० वॅट लिहिलेले असते ती अन्नाला मिळणारी शक्ती. भिंतीतून तो साधारण १२०० वॅट ओढतो. पाच मिनिटांना एक दशांश युनिट, म्हणजे अशा दहा तापवण्यांना एक युनिट. बिलाची भीती नको. भीती वायरिंगची धरा. त्याला १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट लागतो. फ्रिज, मिक्सर आणि मायक्रोवेव्ह एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावणारी घरे मी मोजून थकलो. बोर्ड हाताला गरम लागत असेल तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.

राहिला कार्यालयाचा डबा. सकाळी सातला भरलेला डबा लोकलच्या गर्दीतून जाऊन सव्वा वाजता उघडतो. तेथेच सहा तास झाले. एक तासाचा नियम येथे कोणालाच पाळता येणार नाही, हे मी जाणतो, मीही रोज डबाच खातो. पण कालचा भात आजच्या डब्यात द्यायचा नाही, एवढे नक्की करता येते. उन्हाळ्यात चपाती किंवा भाकरी आणि कोरडी भाजी न्यावी. भात न्यायचाच तर सकाळी लावलेला, वाफाळता असतानाच उष्णता धरून ठेवणाऱ्या डब्यात गच्च भरून न्यावा. आणि डब्यात उरलेला भात संध्याकाळी घरी परत आणून पुन्हा तापवू नये. रांगेत मागचे लोक घाई करतात म्हणून एक मिनिटात डबा बाहेर ओढणाऱ्यांना माझे सांगणे आहे, मध्ये एकदा ढवळा. मागच्याला थांबू द्या. आम्ही तेथे भिंतीवर एक कागद लावला आहे, "काचेत ठेवा, ढवळा, दोन मिनिटे थांबा." हस्ताक्षर माझे आहे. काही जण वाचतात.

घरचे पेटारे भंगारात गेले नाही. आई अजूनही त्यातले खात नाही, तिचा भात ती गॅसवरच तापवून घेते. पण रात्री जेवणे आटोपली की परात काढून भात पसरायला आणि पंखा लावायला सर्वांत आधी उठते ती तीच.